जाड बुडाचा ट्रे

ट्रेचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं त्याच्या.

बाहेर पानगळीतला पाऊस पडत होता. नदीवरून येणारा, बारीक, कुठेही जायची घाई नसलेला. मी बाल्तासारकाकांच्या भांड्यांच्या दुकानात शिरले तेव्हा केसांतून पाणी ठिबकत होतं. मागच्या बाजूला, किटल्या आणि कढयांच्या गर्दीत, एकच जाड बुडाचा ट्रे खुंटीला लटकत होता. मी तो काढायला गेले, आणि तो अर्ध्यावरच अडकला. मांडणीच्या पलीकडून कुणीतरी धरला होता.

"अहो, सोडा ना."

"अहो?" दोन कढयांच्या मधल्या फटीतून एक डोळा दिसला. तपकिरी. हसणारा. "मी काय तुला आजोबा वाटलो?"

"दिसल्याशिवाय कसं सांगू?"

मग तो मांडणीला वळसा घालून आला. ट्रे न सोडता. त्यामुळे मलाही त्याच्याबरोबर गोल फिरावं लागलं, नाचात फिरतात तसं. आजोबा नव्हता. माझ्याच वयाचा असेल. ओलं जॅकेट, कपाळावर चिकटलेले केस आणि नखांत इंजिनाचं काळं तेल.

"तुला कशाला हवाय?" मी विचारलं.

"बोटीच्या इंजिनाखाली ठेवायला. तेल गळतं."

"ह्यात... तेल?"

"मग काय ठेवतात ह्यात?"

"बिस्किटं!" मी इतक्या जोरात म्हणाले की काकांनी वर्तमानपत्रातून मान वर काढली.

"लिसांद्रो, तिला दे तो," काका म्हणाले. "तेलाला डबडंही चालेल. तिच्या मावशीचं लग्न आहे."

"मावशीचं?"

"इर्माचं. शेवटी एकदाचं."

आमच्या पायसान्दू गावात इर्मामावशीच्या लग्नाबद्दल ठाऊक नसलेला हा एकटाच असावा. मावशीनं मला लहानाचं मोठं केलं. आई राजधानीत नोकरीला होती, सुट्टीत यायची. बाकी ताप, परीक्षा, रुसवे, सगळं मावशीचं. आता पन्नाशी उलटल्यावर तिचं लग्न ठरलं होतं, औषधाच्या दुकानातल्या ओविदिओकाकांशी. तिची एकच इच्छा होती. लग्नाच्या टेबलावर घरची आल्फाहोर हवीत, आणि ती माझ्या हातची.

आल्फाहोर म्हणजे दोन बिस्किटं आणि मध्ये आटवलेल्या गोड दुधाचा जाड थर, कडेनं खोबरं. वाटतं सोपं. पण कॉर्नफ्लोअरचं ते बिस्किट पांढरंच राहायला हवं, वरून आणि खालून. तोंडात घातलं की विरघळायला हवं, पहिल्यांदा कुणी कानात बोलल्यावर गुडघे विरघळतात तसं, असं मावशी म्हणायची. आणि आमचे घरचे ट्रे होते पातळ, काळे पडलेले. ओव्हनची आच खालून. वरून चांदणं आणि उलटं केलं की कोळसा!

मी ट्रे उजेडात धरला. बोटाच्या पेरानं वाजवला. दोन कोपरे धरून पिळून पाहिला, वाकत नव्हता. रंग फिकट, राखाडी, चकाकी नाही आणि पोपडे निघणारा कसला मुलामाही नाही. कडा आत वळवलेल्या.

तो हाताची घडी घालून बघत होता. "ट्रे निवडतेयस की नवरा?"

"नवरा थोडा करपलेला चालतो," मी म्हणाले. "बिस्किट नाही."

काका वर्तमानपत्रामागे खोकले. त्याचे कान लाल झाले, आणि... माझेही.

"घे तुला," तो म्हणाला. "पण एका अटीवर. ह्यातलं पहिलं बिस्किट माझं."

"नाव तरी सांग. कुणाला देऊ?"

"लिसांद्रो. नदीकाठी बोटी दुरुस्त करतो. तू?"

"सेलेस्ते."

तो थबकला. "म्हणजे तुझं नाव मी लहानपणापासून गळा फाटेस्तोवर ओरडत आलोय."

सेलेस्ते म्हणजे आकाशी. आमच्या देशाच्या फुटबॉल संघाचा शर्ट आकाशी, म्हणून संघाला सगळे सेलेस्ते म्हणतात. हा विनोद मी शाळेपासून प्रत्येक मुलाकडून ऐकला होता. पण इतक्या हळू आवाजात कुणी केला नव्हता.

ट्रे चांगलाच निघाला. पहिली खेप बाहेर आली तेव्हा बिस्किटांची बुडं जेमतेम सायीच्या रंगाची होती. पण एकानं काय होणार? सगळं गाव येणार होतं. शिवाय गरम ट्रेवर पीठ ठेवलं की लोणी आधीच वितळतं आणि बिस्किट पसरतं. ट्रे निवेपर्यंत बसून राहायचं... म्हणजे तसेच आणखी हवे होते. काकांकडे नव्हते.

त्या आठवड्यात मी शिकवते त्या बालवाडीतून घरी आले, तर मावशी दारातच.

"सेले, आत एक मुलगा बसलाय. ट्रे घेऊन आलाय. मी म्हटलं भुकेला असेल, सूप वाढलं."

लिसांद्रो स्वयंपाकघरात सूप पीत होता. टेबलावर त्यानं स्वतः बनवलेला ट्रे. पोलादी पत्रा, चारी बाजूंनी वळवलेला. आरशासारखा घासलेला.

"पहिलं बिस्किट राहिलंय माझं," तो म्हणाला. "रिकाम्या हातानं कसं यायचं?"

मी ट्रेचा कोपरा दाबून पाहिला. "पातळ वाटतोय रे."

"पोलाद आहे! बोटी तरंगतात ह्याच्यावर."

"बोटी ओव्हनमध्ये ठेवत नाहीत."

तरी मी त्याच्यावर बिस्किटं मांडली. त्याचा चेहरा बघून नाही म्हणवेना. आम्ही तिघं ओव्हनसमोर बसलो, मावशी माते, आमचा पाल्याचा कडवट चहा, पाजत होती, एकच भांडं आणि नळी एकाकडून दुसऱ्याकडे. आणि एकदम आतून आवाज आला... ठण्ण!

मावशीनं छातीवर क्रूस काढला. "बाई गं! फुटला की काय?"

फुटला नव्हता. गरम झाल्यावर पत्र्यानं पीळ खाल्ला होता. एक कोपरा वर, एक खाली. सगळी बिस्किटं घसरत जाऊन खालच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटली होती.

लिसांद्रो गुडघ्यांवर बसून बराच वेळ आत बघत राहिला. मला वाटलं, आता खजील होऊन निघून जाईल.

"बिलगून बसलीयत," तो म्हणाला. "थंडी वाजत असेल."

मी हसले. तो हसला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. ओव्हनचा उजेड त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर होता... मी उगाचच टॉवेल शोधायला लागले. टॉवेल माझ्या खांद्यावरच होता.

तो सगळा चिकटलेला गोळा त्यानं खाल्ला, करपलेल्या बुडासकट. "मला असंच आवडतं," म्हणाला. ते खोटं होतं. त्या दिवसापासून मात्र माझी बिघडलेली सगळी बिस्किटं त्याचीच झाली. संध्याकाळी बोटींवरून थेट यायचा. दाराशी हात धुवायचा, दोनदा साबण लावून. कणीक थंड व्हायला ठेवली की आम्ही मागच्या पायरीवर बसायचो. काय बोलायचो ते आता आठवत नाही. नदी आठवते, लिंबाच्या सालीचा वास आठवतो, आणि माते देताना आमची बोटं गरजेपेक्षा जरा जास्त वेळ एकमेकांजवळ राहायची, तेही.

रविवारी आम्ही जत्रेसारख्या भरणाऱ्या बाजारात गेलो. त्याच्या काखेत मातेसाठी गरम पाण्याचा थर्मास, माझ्या हातात रिकामी पिशवी. पहिल्याच दुकानात चकचकीत काळे ट्रे होते.

"हे बघ, काहीच चिकटत नाही!" विक्रेता म्हणाला.

"चिकटत नाही, पण काळा ट्रे आच ओढून घेतो," मी म्हणाले. "आणि वर्षभरात हा काळा रंग बिस्किटाबरोबर पोटात."

"तुमची बायको फार चिकित्सक आहे हो," विक्रेता लिसांद्रोला म्हणाला.

मी वाट बघितली. तो म्हणेल, बायको नाही, ओळखीची आहे. तो म्हणाला, "हो ना. मलाही पास व्हायला वेळ लागतोय."

मी पुढच्या दुकानाकडे इतक्या भराभरा चालत गेले की बटाट्यांच्या टोपलीला अडखळले.

बाजाराच्या अगदी टोकाला, झाडाखाली, एक म्हातारी बाई चादर पसरून बसली होती. आपल्या बेकरीचं सामान विकत होती. ओव्हन बंद झाला होता, मुलगा परदेशी. चादरीवर साचे, लाटणी, आणि जुने ॲल्युमिनियमचे ट्रे. जाड, जड, वापरून वापरून मंद झालेले. मी एक उचलला, वाजवला. घंटेसारखा नाही वाजला, दाराच्या लाकडासारखा, भरीव. जमिनीवर सपाट ठेवून कोपरे दाबले. चारी पाय रोवून उभा राहिल्यासारखा, जरासुद्धा डुगडुगला नाही.

"माझ्या सासूनं घेतले होते," म्हातारी म्हणाली. "सासू गेली, नवरा गेला, ओव्हन गेला. हे आहेत. ओले ठेवू नकोस आणि तारेनं घासू नकोस, बाळ. तुझ्या नातवंडांना पुरतील." मग तिनं लिसांद्रोकडे पाहिलं. "तुम्हा दोघांच्या."

मी पैसे दिले, आणि लिसांद्रोनं ट्रे पिशवीत भरले.

परतताना सर आली. बाजारातली माणसं पळाली, ताडपत्र्या फडफडल्या. आडोसा कुठेच नव्हता. लिसांद्रोनं एक ट्रे काढून माझ्या डोक्यावर धरला.

"तू भिजतोयस," मी म्हणाले.

"मी करपणार नाही ना."

मी त्याला बाहीला धरून आत ओढलं. एका ट्रेखाली दोन माणसं मावत नाहीत, मावायची असतील तर फार जवळ उभं राहावं लागतं. डोक्यावर पाऊस ताशासारखा वाजत होता. त्याच्या जॅकेटला ओल्या लोकरीचा आणि डिझेलचा वास होता. त्याच्या पापणीवर एक थेंब थांबला होता, मी त्याच्याकडेच बघत होते... पडेल, पडेल म्हणून. तो काहीतरी सांगणार होता. ओठ हललेही.

"सेलेस्ते, मला..."

"काय?"

"...काही नाही. थांबला वाटतं पाऊस."

पाऊस थांबला नव्हता.

ते काय होतं, ते मला लग्नाच्या आदल्या दुपारी कळलंसं वाटलं.

त्या दिवशी सगळं माझ्या मनासारखं झालं होतं. ट्रे आळीपाळीनं आत जात होते, एक निवत असताना दुसरा भाजत होता. टेबलभर पांढरी बिस्किटं होती. एकही करपलं नाही. मावशी केस करायला गेली होती. मी गोड दूध लावत होते, वरचं बिस्किट ठेवून हलकेच दाबत होते, आणि लिसांद्रो कडा खोबऱ्यात लोळवत होता. त्याच्या भुवईला खोबरं लागलं होतं. मला ते पुसायचं होतं. मी हात उचललाही होता.

"मी सोमवारी चाललोय," तो म्हणाला.

"कुठे?"

"राजधानीला. तिथून समुद्रावर. दादा मासेमारीच्या मोठ्या बोटीवर आहे, त्यानं माझ्यासाठी इंजिनावर जागा धरून ठेवलीय. महिनोन् महिने बाहेर असते ती बोट. उन्हाळ्यातच ठरलं होतं हे... तुझ्या ट्रेच्या आधी."

मी हात खाली घेतला. चमचा गोड दुधात बुडवला.

"चांगलं आहे," मी म्हणाले.

"चांगलं आहे?"

"म्हणजे... मोठी बोट. चांगलंच ना."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी बिस्किटांकडे. एक हातात चुरलं.

"हो," तो शेवटी म्हणाला. "चांगलंच आहे."

राहिलेली आल्फाहोर आम्ही भराभर भरली. जाताना त्यानं हात धुतले, एकदाच. खोबरं भुवईवर तसंच होतं.

लग्न नदीकाठच्या रोइंग क्लबात होतं. आभाळ भरलेलं, दिवे भर दुपारी लावलेले. मावशी निळसर पोशाखात इतकी सुंदर दिसत होती की ओविदिओकाका सही करायची विसरले. माझी आल्फाहोर शुभ्र मनोऱ्यासारखी रचली होती. लोक खात होते, डोळे मिटत होते, बोटं चाटत होते. सगळे मला येऊन काही ना काही म्हणत होते. मला काहीच ऐकू येत नव्हतं. लिसांद्रो दादाच्या जुन्या कोटात खांबाशी उभा होता. बाह्या लांब, बोटांची फक्त टोकं दिसत होती. त्यानं एकही आल्फाहोर उचललं नव्हतं.

वॉल्ट्झ सुरू झाला. रीतीप्रमाणे नवरीबरोबर सगळे आळीपाळीनं नाचले, मग तिनं मला ओढलं.

"काय झालं गं? तोंड असं का?"

"काही नाही. तो समुद्रावर चाललाय."

"आणि तू काय म्हणालीस?"

"चांगलं आहे, म्हणाले."

मावशी नाचता नाचता थांबली. लोक आम्हाला चुकवून फिरत होते.

"सेले, माझं डोकं कधी दुखताना पाहिलंयस?"

"रोज गोळ्या आणायचीस की तू..."

"आणायची. खायची कधी? सगळ्या कपाटात पडल्यात. मी गोळ्या मागायची, ओविदिओ गोळ्या द्यायचा, म्हणायचा, काळजी घ्या हं. मी म्हणायची, हो. झालं. काळ्या केसांच्या माणसावर प्रेम केलं मी, आणि लग्न पांढऱ्या केसांच्या माणसाशी. मला तो पांढराही आवडतो गं. पण मधली सगळी वर्षं... ती कुठल्या दुकानात मिळतात?" तिनं माझ्या गालावर हात ठेवला. "त्यानं नाही म्हटलं तर तोंड माझ्या कुशीत लपव, रड. पण विचारून रड."

मी खांबाकडे पाहिलं. खांबाशी कुणी नव्हतं.

तो धक्क्यावर होता. लाकडी फळ्यांच्या टोकाला, पाऊस भुरभुरत होता त्यात. नदी राखाडी, पलीकडचा अर्जेंटिनाचा काठ धुक्यात पुसून गेलेला. मी बूट हातात घेऊन धावत गेले. पावलांचा आवाज ऐकून तो वळला.

"सेलेस्ते? भिजशील..."

"गप्प बस. नाहीतर मी विसरेन."

मी अगदी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काल मी चांगलं आहे म्हणाले. चांगलं नाहीये. अजिबात चांगलं नाहीये. तू जाऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. तुझं आयुष्य आहे, तुझा दादा आहे. पण... माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे ऐकून जा. न ऐकता गेलास, तर मी म्हातारी होईपर्यंत डोकेदुखीच्या गोळ्या आणत बसेन."

"कसल्या गोळ्या?"

"ते राहू दे. ऐकलंस ना?"

त्यानं त्या लांब बाहीनं माझ्या चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. बाही ओलीच होती, पाणी उलट वाढलं.

"बाजारात, ट्रेखाली," तो म्हणाला, "मी हेच सांगणार होतो. की मला जायचं नाहीये. मग वाटलं, तू हसलीस तर? काल पुन्हा वाटलं, तू एकदा तरी म्हणशील, का जातोस म्हणून. तर तू म्हणालीस मोठी बोट."

"मग तू म्हणायचंस!"

"हो. मी म्हणायला हवं होतं." त्यानं श्वास घेतला. "म्हणतो. माझं प्रेम आहे तुझ्यावर, सेलेस्ते. तू कढयांतून माझ्यावर ओरडलीस तेव्हापासून."

ह्यापुढचं मी सांगणार नाही. एवढंच की माझे बूट हातातून सुटले, एक फळीवर पडला आणि एक नदीत. आणि तो काढायला आम्हा दोघांपैकी कुणीच वाकलं नाही.

क्लबाच्या दारातून कुणीतरी हाका मारायला लागलं. "सेलेस्ते! फिती! सगळ्या थांबल्यात तुझ्यासाठी!"

आमच्याकडे लग्नाच्या केकमधून रेशमी फिती बाहेर सोडलेल्या असतात. लग्न न झालेल्या साऱ्याजणी त्या एकदम ओढतात. एका फितीला अंगठी बांधलेली असते, जिला ती मिळते तिचं लग्न पुढचं. मी अनवाणी, केसांतून पाणी ठिबकत असलेली, केकभोवतीच्या घोळक्यात शिरले. माझ्यासाठी एकच फीत उरली होती. मावशीनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागून आलेल्या लिसांद्रोकडे, मग त्याच्या कोटाकडे, ज्याच्या पुढच्या बाजूला माझ्या ओल्या केसांचा ठसा होता. आणि ओविदिओकाकांचा हात तिनं घट्ट धरला.

"एक, दोन... ओढा!"

अंगठी निघाली बाल्तासारकाकांच्या थोरल्या बहिणीच्या फितीला. सत्तरी ओलांडलेली, आयुष्यभर एकटी राहिलेली ती बाई इतकी किंचाळली की वाजंत्रीवाले थांबले, आणि मग ती दिसेल त्याचे मुके घेत सुटली. माझ्या फितीच्या टोकाला फक्त बोटभर क्रीम होतं.

"अरेरे, सेलेस्ते," शेजारची कुणीतरी म्हणाली. "पुढच्या वेळी हं!"

मी ते क्रीम चाटत उभी होते. माझ्या पाठीशी लिसांद्रो फोनवर बोलत होता. हळू बोलायचा त्याचा प्रयत्न चालला होता, पण पलीकडे दादा ओरडत असावा.

"नाही, दादा... नाही येत. सोमवारी नाही, कधीच नाही... हो, शब्द दिला होता, चुकलं माझं, शिव्या दे... वेडबीड काही लागलेलं नाही. कारण आहे."

दादानं कारण विचारलं असावं.

"कारण ना? माझ्यासमोर उभं आहे, दादा. फितीवरचं क्रीम चाटतंय."